दर्शनी बाग आणि परसबाग : हैदराबादच्या आसफिया ग्रंथालयाच्या वास्तूची चिकित्सा

प्रास्ताविक

हैदराबाद शहरातील वस्त्यांची नावे वाचत गेले की एक शब्द वारंवार भेटतो. तो म्हणजे बाग. बाग लिंगमपल्ली, बाग अंबरपेठ, बशीरबाग, जामबाग आणि नामपल्लीची बाग-ए-आम ही त्याची ठळक उदाहरणे होत. नारायणगुडा ही वस्ती या नावांच्या वेढ्यात आहे आणि ती शिक्षणाची वस्ती म्हणून ओळखली जाते. मराठवाड्यातून आलेले न्यायमूर्ती केशवराव कोरटकर (१८६७-१९३२) यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू झालेली केशव मेमोरियल ही संस्था येथे आहे. माडपाटी हनुमंतराव यांनी उभी केलेली मुलींची तेलुगू शाळा आणि राजा बहादूर व्यंकटराम रेड्डी महिला महाविद्यालयही येथेच आहे. मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषांतून शिकलेल्या पिढ्या या परिसराने पाहिल्या.

अशा वस्तीतील विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचायचे असल्यास त्याच्यापुढे तीन प्रमुख ठिकाणे असतात. चिक्कडपल्लीचे शहर मध्यवर्ती ग्रंथालय आणि बाग लिंगमपल्लीचे सुंदरय्या विज्ञान केंद्र ही दोन जवळची ठिकाणे आहेत. तिसरे आणि सर्वांत मोठे म्हणजे दक्षिणेस मुसी नदीच्या काठी अफझलगंज येथे असलेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजेच जुने कुतुबखाना-ए-आसफिया. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय हे तिसरे ग्रंथालय आहे. पहिल्या दोहोंचा विचार तुलनेपुरता केला आहे.

आसफिया ग्रंथालयावर आजवर झालेले बहुतेक लेखन त्यातील ग्रंथसंपदेविषयी आहे. वास्तूविषयी लिहिले जाते ते बहुधा कौतुकाचे असते. इमारत आणि तिच्या सभोवतीची मोकळी जमीन यांचा एकत्र विचार फारसा होत नाही. ग्रंथालयाची बाग ही त्या वास्तूची शोभा आहे की तिचे एक अंग आहे, हा येथे मूळ प्रश्न आहे. या प्रश्नासाठी मराठीत एक उपयुक्त भेद उपलब्ध आहे. ‘बाग’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीने इतका आपलासा केला की त्यापासून बागायत, बागवान आणि परसबाग असे शब्द तयार झाले. यांपैकी परसबाग ही घराच्या मागची, रोजच्या वापराची बाग. घरापुढची दर्शनी बाग पाहुण्यांसाठी असते, तर परसबाग घरच्यांसाठी. सार्वजनिक ग्रंथालयाला यांपैकी कोणती बाग हवी, या कसोटीवर आसफियाची वास्तू तपासता येते.

पूर, नगररचना आणि ग्रंथालय

आसफिया ग्रंथालयाची स्थापना १८९१ मध्ये झाली. सय्यद हुसेन बिलग्रामी, म्हणजे नवाब इमाद-उल-मुल्क, हे तिचे प्रवर्तक होते. मुल्ला अब्दुल कय्यूम यांचाही तीत महत्त्वाचा वाटा होता. सुरुवातीची सुमारे चार दशके या ग्रंथालयाचा कारभार आबिड्‌स भागातून चालला. ते नदीकाठी आले त्यामागे एका आपत्तीचा इतिहास आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. उर्दूतील रुबाईकार अमजद हैदराबादी यांचे कुटुंब या पुरात वाहून गेले. स्वतः अमजद वाचले आणि त्या रात्रीची वेदना त्यांच्या काव्यात कायमची उतरली. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचवला, ही गोष्ट शहरात आजही सांगितली जाते. नदीकाठच्या वास्तूंचा विचार करताना हे झाड विसरता येत नाही. पुराच्या वेळी एका झाडाने माणसे वाचवली, ही आठवण घेऊनच त्या काठाची पुनर्रचना झाली.

१९०९ मध्ये निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या योजनेतून नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्यासाठी उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. शहरातून जाणाऱ्या नदीपात्राला भिंती घालून काठांवर रस्ते आणि उद्याने करावीत, हाही त्याच विचाराचा भाग होता. १९१२ मध्ये नगर सुधार मंडळाची स्थापना झाली. त्यानंतरच्या वर्षांत उच्च न्यायालय, सिटी कॉलेज आणि उस्मानिया रुग्णालय अशा सार्वजनिक वास्तू नदीकाठी उभ्या राहिल्या. या रांगेत सर्वांत शेवटी ग्रंथालय आले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जानेवारी १९३२ मध्ये त्याचा पाया घातला आणि १९३६ मध्ये, त्यांच्या राजवटीच्या रौप्यमहोत्सवाच्या सुमारास, वास्तू पूर्ण झाली. तिचे वास्तुकार म्हणून अझीझ अली यांचे नाव घेतले जाते.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. न्याय, शिक्षण, आरोग्य आणि ग्रंथ या चार गोष्टींना शहराने एकाच काठावर जागा दिली. पूर्वी घरे वाहून गेलेल्या जमिनीवर दाट वस्ती पुन्हा होऊ नये, पाण्याला पसरायला जागा राहावी आणि त्या जागेचा उपयोग सर्वांना व्हावा, असा त्यामागे हिशेब होता. म्हणून येथील बाग ही इमारतीनंतर सुचलेली सजावट नव्हती. बागेची जागा आधी ठरली आणि ग्रंथालय तिच्यात आले. आसफियाच्या वास्तूचे खरे मोठेपण या निर्णयात आहे.

वास्तूचे गुण आणि उणिवा

मधोमध उंच प्रवेशभाग, दोन्ही बाजूंना पसरलेली दालने, उंच छत, मोठ्या कमानी आणि चुन्याचा फिका रंग ही या इमारतीची लक्षणे आहेत. पाश्चात्त्य आराखड्याची शिस्त आणि दख्खनी-इस्लामी अलंकरण यांचा मेळ घालणाऱ्या उस्मानी काळातील वास्तुशैलीचे हे एक प्रौढ उदाहरण आहे.

ही लक्षणे केवळ शोभेची नाहीत. कागदाचे शत्रू तीन : उष्णता, धूळ आणि दमटपणा. विजेची वातानुकूलन यंत्रणा सर्रास नव्हती त्या काळी वास्तुकाराला या तिघांचा बंदोबस्त भिंत, छत आणि मोकळी जागा यांच्या साहाय्यानेच करावा लागे. उंच छतामुळे गरम हवा वर जाते व वाचकाच्या डोक्याशी थंडावा राहतो. जाड भिंती दिवसाचे ऊन उशिरा आत पोहोचू देतात. रस्ता आणि इमारत यांमधील हिरवळ धूळ अडवते आणि खिडकीतून येणारी हवा काही अंशी गार करते. या अर्थाने बाग ही ग्रंथरक्षणाच्या यंत्रणेचा भाग होती. बाग काढून तेथे फरसबंदी केली तर इमारतीचा दगड न् दगड जागेवर राहूनही तिचे काम बिघडते, कारण तापलेल्या फरशीवरची हवाच खिडकीतून आत येते.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. झाड जितके भिंतीजवळ तितका ग्रंथांना लाभ अधिक, असे समीकरण नाही. पायाशी सतत पाणी मुरले तर ओल वर चढते. ओलीच्या मागोमाग वाळवी येते, मुळे गटारे फोडतात आणि पाचोळा पन्हळी तुंबवतो. ग्रंथालयाची बाग म्हणजे भिंतीपासून योग्य अंतरावर लावलेली झाडे, उताराची जमीन आणि रोजची निगा. माळी हा ग्रंथालयाच्या सेवकवर्गाचा एक घटक आहे, हे आपल्या आस्थापनांनी क्वचितच ओळखले.

आता उणिवांचा विचार. आसफियाची बाग मुख्यतः दर्शनी बाग आहे. ती वास्तूचे रूप दुरून दिसावे म्हणून मोकळी सोडलेली जागा आहे. वाचकाने पुस्तक घेऊन तेथे बसावे, अशी तिची योजना नाही. वाचनकक्ष आणि बाग यांना जोडणारा, सावली देणारा लांब ओसरा हे दख्खनी वाड्याचे आणि हवेलीचे वैशिष्ट्य. येथे त्याला दुय्यम स्थान मिळाले आणि भव्य प्रवेशाला पहिले. राजवटीच्या रौप्यमहोत्सवाची वास्तू म्हणून हे स्वाभाविक होते. परंतु भव्यता वाचकाला आदराने थांबवते, बसवत नाही. फारसी-उर्दू परंपरेत ग्रंथ आणि बाग यांचे नाते इतके जवळचे की सादीच्या दोन प्रसिद्ध ग्रंथांची नावे ‘गुलिस्तान’ आणि ‘बोस्तान’ अशी आहेत आणि मीर अम्मन यांनी फोर्ट विल्यम कॉलेजसाठी लिहिलेल्या गद्यकृतीचे नाव ‘बाग-ओ-बहार’. पुस्तकाला बाग म्हणणाऱ्या परंपरेच्या या मोठ्या कुतुबखान्यात पुस्तक आणि बाग एका भिंतीने वेगळी राहिली, ही विसंगती नोंदवावी लागते.

पुढील काळात ही भिंत अधिक जाड झाली. १९५५ च्या हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर आसफियाचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय झाले. तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, अरबी, फारसी अशा अनेक भाषांतील सुमारे पाच लाख ग्रंथ आणि नियतकालिके असा त्याचा विस्तार झाला. १९७५ नंतर हस्तलिखितांसाठी वेगळी संस्था झाली. आतला संग्रह वाढत असताना बाहेरचा परिसर मात्र वाहतुकीच्या ताब्यात गेला. गौलीगुड्याचे जुने बसस्थानक जवळच होते आणि १९९४ मध्ये नदीपात्रालगत इमलीबन येथे महात्मा गांधी बसस्थानक झाले. चिंचांच्या बनावरून नाव पडलेली जागा बसगाड्यांची झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मुसीला पूर आला तेव्हा या बसस्थानकात पाणी शिरून प्रवासी अडकले. मोकळ्या जमिनीची जी राखीव जागा १९०८ नंतर ठेवली गेली होती, ती वापरून टाकल्याचा परिणाम काय होतो, हे त्या रात्री दिसले.

बाग लिंगमपल्लीचा धडा

हा प्रश्न केवळ नदीकाठचा नाही. नारायणगुड्याच्या शेजारी बाग लिंगमपल्ली येथे सुंदरय्या विज्ञान केंद्र आहे. अब्दुस समद खान यांनी आयुष्यभर जमवलेला उर्दू ग्रंथ आणि नियतकालिकांचा दुर्मिळ संग्रह शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात येथे आला. एका व्यक्तीच्या ध्यासातून वाचलेला हा ठेवा आता सुरक्षित झाला, असे तेव्हा वाटले होते. ऑगस्ट २००० मध्ये शहरात एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस पडला. हुसेनसागराचे जादा पाणी वाहून नेणारा नाला याच भागातून जातो. पाणी केंद्राच्या इमारतीत शिरले आणि या संग्रहातील ग्रंथ मोठ्या संख्येने भिजले. पुढे ते वाचवण्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न करावे लागले.

या घटनेचा दोष एका संस्थेवर टाकणे अन्यायाचे होईल. बाग लिंगमपल्ली हे नाव ज्या काळाची साक्ष देते त्या काळी पावसाचे पाणी बागांच्या जमिनीत मुरत होते. बागा गेल्या, नाव उरले आणि पाणी आपल्या जुन्या वाटेने आले. ग्रंथालयाची सुरक्षितता त्याच्या कपाटांइतकीच आजूबाजूच्या मातीवर अवलंबून असते, हा या घटनेचा अर्थ आहे. कुतुबखान्याचा नकाशा तपासताना दारे-खिडक्यांबरोबर जमिनीचा उतार तपासावा लागतो.

काही तुलना

मुंबईच्या काळा घोडा भागातील डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० ची. दर्शनी भाग दगडी आणि रस्त्याला भिडलेला. बाग आहे ती मागच्या बाजूला. वाचनकक्षातून उठलेला वाचक काही पावलांत झाडाखाली येतो. आकाराने हे ग्रंथालय आसफियाच्या जवळपासही नाही, परंतु येथे बाग खऱ्या अर्थाने परसबाग आहे. गर्दीच्या शहरात थोड्या जागेतही वाचन आणि हिरवाई यांची सांगड घालता येते, याचे हे जुने आणि जवळचे उदाहरण आहे.

पॅरिसचे फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय हे दुसरे टोक. वास्तुकार डोमिनिक पेरो यांच्या आराखड्यात चार कोपऱ्यांवर उघड्या पुस्तकासारखे चार उंच काचेचे मनोरे आहेत आणि मध्ये खोल पातळीवर उंच वृक्षांची बाग आहे. १९९६ मध्ये हे ग्रंथालय वाचकांना खुले झाले. यावर झालेली टीका बोधप्रद आहे. काचेच्या मनोऱ्यांत उन्हात राहिले असते ते ग्रंथ, आणि बागेच्या पातळीवर खाली बसले ते वाचक. ग्रंथांना ऊन लागू नये म्हणून मनोऱ्यांच्या आत लाकडी झडपा बसवाव्या लागल्या. बाग तर वाचकाला काचेतून दिसते, पण एरवी तिच्यात जाता येत नाही. ही दर्शनी बागेची परमावधी म्हणावी लागेल.

पाटण्याचे खुदाबक्ष ग्रंथालय आणि आसफिया यांचे जन्मवर्ष एकच, १८९१. तेही नदीकाठी, गंगेच्या तीरावर आहे. २०२१ मध्ये उन्नत मार्गाच्या प्रस्तावात त्याच्या आवारातील कर्झन वाचनकक्ष आणि बागेचा भाग जाणार असे दिसताच वाचक, अभ्यासक आणि वारसाप्रेमी यांनी विरोध केला. रस्ता आखणाऱ्याच्या नकाशावर ग्रंथालयाची बाग ‘रिकामी जागा’ असते. इमारतीला वारशाचे संरक्षण मिळते, तेव्हा बागेलाही ते मिळते का, हा प्रश्न पाटण्याइतकाच अफझलगंजलाही लागू आहे.

बाग कोणासाठी?

येथे एक अवघड मुद्दा टाळता येणार नाही. नदीकाठची बाग निर्माण होते तेव्हा तेथे कोणाची तरी घरे असतात किंवा असलेली असतात. नगर सुधार मंडळाच्या काळातही दाट वस्त्या हटवल्या गेल्या होत्या. २०१७ मध्ये मुसी नदीकाठाच्या विकासासाठी स्वतंत्र महामंडळ झाले आणि २०२४ मध्ये चादरघाट परिसरातील मूसानगर, शंकरनगर या वस्त्यांतील घरे पाडण्यात आली. पूररेषेत घरे असू नयेत, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ज्यांची घरे गेली त्यांच्या मुलांना त्या काठावर परत येण्याचे एखादे कारण शिल्लक राहिले का? बाग फक्त फिरायला येणाऱ्यांसाठी झाली तर उत्तर नकारार्थी आहे. त्याच काठावर फाटक उघडे असलेले ग्रंथालय असेल, झाडाखाली बसून पुस्तक वाचता येत असेल, तर उत्तर बदलू शकते.

चिक्कडपल्लीचे ग्रंथालय या बाबतीत नकळत मार्ग दाखवते. तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण वाचनकक्षात मावत नाहीत, म्हणून आवारातही बसून अभ्यास करतात. त्या वास्तूला स्थापत्याचा गौरव कोणी दिलेला नाही. पण खाणावळीचे आणि खोलीचे भाडे मोजून गावाकडून आलेल्या या मुलांनी आवारालाच वाचनकक्ष केले. परसबाग म्हणजे काय हे त्यांनी वास्तुकाराची वाट न पाहता ठरवले. आसफियाकडे जागा आहे आणि चिक्कडपल्लीकडे वाचक आहेत. या दोहोंची भेट घडवणे हे शहराच्या ग्रंथालय नियोजनापुढचे काम आहे.

महाविद्यालयांसाठी काही निरीक्षणे

हा विचार केवळ मोठ्या ग्रंथालयांपुरता नाही. अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांची महाविद्यालये बहुधा अपुऱ्या जागेत उभी असतात. नवी इमारत बांधताना ग्रंथालयाला उरलेला मजला आणि आवाराला वाहनतळ मिळतो. मूल्यांकनाच्या चौकटीतही ग्रंथालय चौथ्या निकषात आणि हरित परिसर सातव्या निकषात मोजला जातो. दोन्ही रकाने वेगवेगळे भरले जातात आणि त्यांचा परस्परसंबंध कोणी विचारत नाही. या पार्श्वभूमीवर प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथालयासंबंधी पुढील प्रश्न विचारण्यासारखे आहेत. ग्रंथ सर्वांत खालच्या मजल्यावर आहेत का, आणि असल्यास पाणी कोणत्या दिशेने येईल? वाचनकक्षाच्या खिडकीबाहेर सावली आहे की तापलेली फरशी? वाचक पुस्तक घेऊन बाहेर बसू शकतो का, की दारावरच ते जमा करावे लागते? आणि झाडांची निगा राखणाऱ्या माणसाचे वेतन अंदाजपत्रकात आहे का? या प्रश्नांना फार मोठा निधी लागत नाही. दोन कडुनिंब, एक ओसरा आणि चार बाके एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.

निष्कर्ष

आसफिया ग्रंथालयाची वास्तू एका आपत्तीनंतरच्या शहाणपणातून घडली. पाण्याला जागा, झाडांना जागा आणि ग्रंथांना जागा हा एकच निर्णय होता. त्या निर्णयातील ग्रंथांचा भाग शहराने जपला, पाण्याचा आणि झाडांचा भाग हळूहळू सोडला. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की मूळ आराखड्यातही बाग वाचकाच्या हाती दिलेली नव्हती. म्हणून जुने रूप परत आणणे एवढे पुरेसे नाही. दर्शनी बागेची परसबाग करणे हे पुढचे काम आहे. इमारतीची डागडुजी करताना आवाराचा आराखडाही वारशात धरावा, रस्त्यासाठी किंवा वाहनतळासाठी त्याचा तुकडा तोडू नये आणि वाचनकक्षातून बागेत उघडणारे एक दार असावे, एवढी किमान अपेक्षा करता येईल. १९०८ च्या रात्री चिंचेच्या झाडाने वर चढणाऱ्याला कोणी विचारले नव्हते की तो कोणत्या मोहल्ल्याचा किंवा कोणत्या भाषेचा. सार्वजनिक ग्रंथालयाच्या फाटकाकडूनही तेच अपेक्षित आहे.